उत्तरेकडची रांग

१

मंगळवारी सकाळी मी बेरेझिवच्या चर्चचं दार उघडलं, तर ज्या भिंतीवर दफनभूमीचा नकाशा असायला हवा तिथून संत निकोलस माझ्याकडे बघत होता.

तसबीर आमचीच. पण ती कायम समोरच्या खिडकीपाशी असायची. वरून भरतकामाचा लांब टॉवेल घातलेला, दोन्ही पदर सारखे खाली सोडलेले, अगदी आम्ही घरी तसबिरीवर घालतो तसा. आधी वाटलं, कुणीतरी साफसफाई केली असेल. मग तसबीर उचलून पाहिली. मागे भिंतीवर फिकट चौकोन, नकाशाच्या चौकटीएवढा. मी कपाटं उघडली, बाकांखाली वाकले, गुडघे कुरकुरत असताना गाणाऱ्यांच्या माळ्यावरही चढून आले. नकाशा नव्हता.

बेरेझिवमध्ये आता कुणी राहत नाही. चर्च आहे, दफनभूमी आहे, छप्पर बसलेलं दुकान आहे आणि शाळेच्या जागी एक पाटी. मी एफी त्काचुक. एकतीस वर्षं या भागात टपाल वाटलं, म्हणून सगळ्यांनी चर्चची जबाबदारी माझ्या गळ्यात मारली. किल्ली वळचणीच्या खिळ्याला असते आणि दारावर माझा फोन नंबर. उन्हाळ्यात कुठून कुठून लोक गाड्या घेऊन येतात, फोन करून किल्ली विचारतात, वहीत नाव लिहितात, फोटो काढतात. आणि प्रत्येक जण मला एकच विचारतो, "बाई, तुमचं चर्च वाऱ्याने सरकलंय का? रस्त्याला तिरकं दिसतं."

नकाशात कुणाला काय रस असणार? चर्चच्या जुन्या गायकबुवांनी हाताने काढलेला कागद तो. कोण कुठे पुरलंय त्याची नोंद. पण नास्त्या आजीसाठी त्या कागदाहून मोलाचं जगात काही नव्हतं.

नास्त्या होलोवाच, वय नव्वद, सगळ्या गावाची आजी. जवळच्या हॅल्बर्न गावातल्या वृद्धाश्रमात आहे. सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला पडली, त्यानंतर उठली नाही. त्याच दुपारी तिने माझा हात धरून सांगितलं, "मला हानुस्याशेजारी ठेवा. नवऱ्याशेजारी नको, तो घोरतो." हानुस्या तिची मुलगी. १९४८च्या हिवाळ्यात घटसर्पाने गेली, चार वर्षांची होती. मुलांची रांग उत्तरेच्या कुंपणालगत आहे हे सगळ्यांना माहीत. पण मुलांचे क्रूस लाकडी होते आणि १९६८ साली गवताला लागलेल्या वणव्यात ते सगळे जळले. कुंपणही जळलं. त्या रांगेत हानुस्या कितवी, हे फक्त नकाशाच सांगू शकत होता.

आणि सोमवारी डॉक्टर म्हणाले होते, आठवडा, फार तर दहा दिवस.

मी रुडीला फोन केला. तो म्हणाला, "कशालाही हात लावू नकोस."

तोपर्यंत माझा सगळ्याला हात लावून झाला होता.

२

रुडी हेन्झेल निवृत्त भूमापक. बहात्तर वर्षांचा, लांबलचक, वाकलेला. बायको गेल्यापासून उन्हाळाभर ट्रक घेऊन हिंडतो, बंद पडलेल्या शाळा, नाहीशी झालेली गावं, जुन्या पायवाटांचे नदीवरचे उतार शोधतो आणि तिथे स्वखर्चाने पाट्या रोवतो. रस्ते मला पाठ, रेषा त्याला पाठ, म्हणून बरेचदा मी सोबत असते. त्याला वाटतं मी त्याच्या माहितीसाठी जाते. मी त्याच्या सँडविचेससाठी जाते.

तो भिंतीसमोर पाच मिनिटं उभा राहिला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"चोर विचित्र आहे. उचलून पळाला नाही. भिंत झाकली."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला नकाशा विकायचा नव्हता. तो गेलाय हे काही दिवस कुणाला कळू नये, एवढंच हवं होतं. काही दिवस, एफी. कुणाला किती दिवस उरलेत?"

"नास्त्या आजीला," मी म्हणाले.

त्याने पाहुण्यांची वही उघडली. सप्टेंबरच्या उत्तरार्धात दोनच नोंदी. अठराला क्लिफ रेनशॉ, रेजायना. चोवीसला व्हर्ना फंक, हॅल्बर्न संग्रहालय, आणि खाली ठसठशीत अक्षरात: 'येथील कागदपत्रे संग्रहालयात अधिक सुरक्षित राहतील.'

"हिला मी चांगली ओळखते," मी म्हणाले. "चारदा नकाशा मागितलाय. चारदा नाही म्हटलंय."

"आणखी कोण येतं?"

"कोण येणार? आम्ही."

"तुम्ही वहीत नाव लिहिता?"

"आपल्याच चर्चमध्ये?" मला हसू आलं. "रुडी, ती वही पाहुण्यांची आहे."

तो हसला नाही. त्याने फक्त वही मिटली.

क्लिफ अजून हॅल्बर्नच्या हॉटेलातच उतरला होता, पाडायला काढलेल्या धान्याच्या उंच कोठाराचे फोटो काढायला. पस्तिशीचा, गळ्यात दोन कॅमेरे, चिखलाने भरलेले महागडे बूट. आम्ही बसायच्या आत स्वतःच बोलला, "काहीतरी चोरीला गेलंय ना? आम्ही शहरातून आलो की पहिला संशय आमच्यावर."

"तुमच्यावर संशय घ्यायला आम्हाला आनंदच होईल," मी म्हणाले. "आधी फोटो दाखवा."

त्याने छोट्या पडद्यावर फोटो सरकवले. चर्चचा बाहेरून फोटो. खाली त्याने नाव दिलेलं, 'वाकडं चर्च'. मग आतला. अठरा तारीख. भिंतीवर नकाशा होता. मी जवळजवळ ओरडलेच. पण काचेवर खिडकीचा उजेड पडला होता आणि नेमका वरचा, उत्तरेकडचा भाग पांढराफटक.

"हा कोपरा आणखी कुठे आला आहे का?" रुडीने विचारलं.

"नाही हो. मला ती खिडकी हवी होती."

"आणि खिडकीपाशी ही तसबीर. तिच्यावर काय आहे?"

क्लिफने डोळे बारीक केले. "ते... टेबलावरचं कापड? कुणीतरी वाळत घातलं असेल."

रुडीने माझ्याकडे पाहिलं. वाळत घातलं म्हणे! माझ्या आजीने ऐकलं असतं तर लाटणं घेऊन धावली असती. पण त्या एका उत्तराने क्लिफ सुटला. ज्याने निकोलसला नव्या जागी नेलं, त्याने टॉवेलही पुन्हा रीतीने घातला होता. घाईत, चोरी करताना, हात आपोआप चालले होते.

"म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी," ट्रकमध्ये बसता बसता मी म्हणाले.

"तुमच्यातला," रुडी म्हणाला. "मी लुथेरन पंथाचा."

३

व्हर्ना फंकचं संग्रहालय जुन्या बँकेच्या इमारतीत आहे. आत प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली. चरखा क्रमांक अमुक, दुधाचा डबा क्रमांक तमुक. बाई मेनोनाइट पंथाची, स्वभावाने करकरीत. आम्हाला खुर्चीही दिली नाही.

"मी नेला असता तर पावती दिली असती," ती म्हणाली. "मी चोरत नाही, मी जतन करते."

"फरक कधी कधी बारीक असतो," मी म्हणाले.

"एफी!" रुडीने मला दटावलं आणि तिच्याकडे वळला. "व्हर्नाबाई, बेरेझिवबद्दल तुमच्याकडे काय काय आहे?"

हे विचारल्यावर बाई विरघळली. खोकं काढलं. त्यात एक फोटो होता, ओळीने उभ्या बैलगाड्या, गाड्यांत मोठाले धोंडे. मागे लिहिलेलं: 'चर्चचा पाया. दगड नदीवरून, अठरा मैल. १४ ऑक्टोबर १९११, पोक्रोवाच्या सणाला, सूर्योदयाच्या वेळी कोनशिला.'

"अठरा मैलांवरून दगड?" मी म्हणाले.

"मग काय करणार? बेरेझिवची जमीन म्हणजे नुसती चिकणमाती. मुठीएवढा दगड सापडायचा नाही," व्हर्ना म्हणाली. "हे लोक पिंपात घालायला म्हणून नदीवरून दगड आणायचे. कोबी खारवताना वर दाबायला."

ते खरं होतं. आमच्या आईचा कोबीवरचा दगडही नदीवरचाच.

रुडी फोटोच्या मागची तारीख पुन्हा पुन्हा वाचत होता. मग त्याने सहज विचारलं, "चोवीसला तुम्ही चर्चमध्ये गेलात तेव्हा नकाशा होता?"

"नव्हता. तिथे तुमचा तो दाढीवाला संत होता. मला वाटलं, मी मागते म्हणून एफीनेच लपवला. म्हणून तर वहीत तसं लिहून आले."

बाहेर आल्यावर रुडीने ट्रक सुरू केला नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

"अठराला नकाशा होता. चोवीसला नव्हता. आजीने तुला एकोणीसला सांगितलं. त्या आठवड्यात तू कुणाकुणाला बोललीस, हानुस्याबद्दल, नकाशा लागणार आहे म्हणून?"

"तुला."

"मी वीस तारखेला फोनवर ऐकलं, आणि तेव्हा मी दोनशे मैलांवर होतो. आणखी?"

एकोणीसला वृद्धाश्रमातून निघाले तेव्हा मी रडत होते. गाडी चालवणं सुरक्षित नव्हतं म्हणून वाटेत एका घरी थांबले. त्याने कॉफी दिली, नाक पुसायला किचनमधला कागद दिला, सगळं ऐकून घेतलं.

"एफी?" रुडी म्हणाला.

"वासिल," मी म्हणाले. "पण तो नाही. रुडी, तो असणं शक्यच नाही."

४

वासिल रोमान्युक अडुसष्ट वर्षांचा. दफनभूमीच्या तिन्ही बाजूंनी त्याचीच शेती. लग्न केलं नाही. दर रविवारी नास्त्या आजीला बीटाचं सूप घेऊन जातो, तिची नखं कापतो, तिच्याशी पत्ते खेळून मुद्दाम हरतो. तिला मुलगा असता तर तो याच्याहून चांगला निघाला नसता. दफनभूमीतलं गवतही तोच कापतो, कुणी न सांगता.

आम्ही पोचलो तेव्हा तो कापणीचं मशीन साफ करत होता. रुडीने नकाशाचं नाव काढलं नाही.

"रांग मोजायला आलोय. येतोस का सोबत?"

वासिलने हात पुसले. फार वेळ पुसले. "येतो की."

पिकं काढून झालेली, चहूकडे गव्हाची खुंटं. दफनभूमीच्या उत्तरेच्या कुंपणापलीकडे मात्र वासिलच्या शेतात गवताचा एक तुकडा तसाच उभा होता. रस्त्याकडच्या टोकाला रुंद, चांगला चाळीस फूट, आणि पूर्वेकडे निमुळता होत होत कुंपणाच्या कोपऱ्याला मिळालेला. त्या रस्त्याने मी हजारदा गेले असेन. शेतात असे तुकडे असतात, कुणी विचारत नाही.

रुडीने विचारलं. "हा तुकडा पेरत नाहीस?"

"दगड आहेत तिथे," वासिल म्हणाला. "फाळ मोडतात."

"बरं."

मी वासिलकडे बघत होते, म्हणून मला रुडीचा चेहरा दिसला नाही. तो कुंपणाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या खांबापाशी गेला. बाकी सगळे खांब एका वयाचे. हा एकटा जाड, जुना, एका बाजूने काळा पडलेला.

"हा वणव्यातून वाचलेला?"

"हो. त्याच्यावरूनच बाबांनी आणि बाकीच्यांनी नवं कुंपण ओढलं. एका दिवसात. बाबांना सरळ रेष लागायची. इथून थेट रस्त्यापर्यंत दोरी लावली, रस्त्याशी काटकोनात." वासिल हे बोलला आणि एकदम थांबला.

रुडी चर्चच्या भिंतीला होकायंत्र लावून आला, मग मोठ्यांच्या थडग्यांच्या रांगांमधून चालत गेला, मग कुंपण ओलांडून त्या गवतात शिरला. पावलं मोजत होता. रस्त्याकडच्या टोकाला थांबला, गुडघ्यांवर बसला, हाताने गवत बाजूला केलं.

"एफी, इकडे ये."

गवतात, मातीच्या पातळीला, खांबाचा जळका बुंधा होता.

मी मागे वळले. वासिल त्याच्या ट्रककडे चालला होता. धावत नव्हता. म्हाताऱ्या माणसासारखा चालत होता.

५

"दगड," रुडी म्हणाला. आम्ही त्या बुंध्यापाशीच उभे होतो. "ज्या गावाने पायासाठी अठरा मैलांवरून दगड आणले, तिथे फाळ मोडण्याएवढे दगड? आणि दगडाचं शेत असलं की कडेला वेचलेल्या दगडांचा ढीग असतो. याच्या अख्ख्या शेतात ढीग दाखव मला."

"नाहीये," मी म्हणाले.

"तुझं चर्च वाकडं नाही. आपले रस्ते सरळ आहेत, म्हणून ते वाकडं दिसतं. पाद्रीने सणाच्या पहाटे सूर्य उगवला तिकडे वेदी धरली. ऑक्टोबरात सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे सरकलेला असतो. चर्च तसं, थडगी चर्चच्या रोखाने, आणि जुनं कुंपणही तसंच. मग वणवा लागला. एकच खांब उरला. आणि कुंपण पुन्हा घालायला आले ते इथले शेतकरी. सगळा जन्म मैलामैलावर काटकोनात आखलेल्या जमिनीवर गेलेला. त्यांनी रस्त्याला काटकोन धरला. दुसरं काही त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. मोठ्यांची थडगी सिमेंटची, ती दिसत होती, ती आत राहिली. मुलांचे क्रूस जळून गेलेले."

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "मग मुलं?"

"रांग या तुकड्यातून जाते. पूर्वेकडची काही आत आहेत. बाकीची इथे, आपल्या पायांखाली."

मी पटकन बाजूला सरकले. कुठे सरकायचं तेही कळेना.

"कुंपणाबाहेर म्हणजे शेतात," रुडी हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे नांगरलेलं. निदान काही वर्षं. वासिलला ते माहीत आहे, नाहीतर हा तुकडा त्याने सोडला नसता. नकाशावर जुनं कुंपण काढलेलं असणार. मी तो घेऊन इथे मोजायला उभा राहिलो असतो तर तासाभरात कळलं असतं. रांग कुठे आहे ते मी नकाशाशिवाय काढलं. पण त्यात हानुस्या कोणती, ते मला कधीच काढता येणार नाही. कागद हवाच. आणि तो जाळला असेल तर..."

त्याने वाक्य सोडून दिलं. आम्ही ट्रकमध्ये बसलो. वासिलच्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता.

६

धूर कॉफीचा होता. टेबलावर तीन कप मांडलेले आणि मधोमध पांढऱ्या स्वच्छ उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"जाळणार होतो," वासिल म्हणाला. "दोनदा चुलीपर्यंत नेला. नाही जमलं. नावं आहेत त्यावर."

अभ्र्यात नकाशा होता. आणि त्याच्यासोबत वीतभर जळकं लाकूड. त्यावर पत्र्याची दोन अक्षरं ठोकलेली, कुणाच्या तरी नावाची.

"हे काय?" मी विचारलं.

"अडुसष्टच्या जूनमध्ये नांगराला लागलं. मी वीस वर्षांचा होतो. क्रूसाचा खालचा भाग आहे हे लगेच कळलं मला. बाबांकडे नेलं. ते म्हणाले, वाऱ्याने उडून आला असेल. मी म्हटलं, जमिनीत रोवलेलं कसं उडेल? तर म्हणाले, कुंपण सरळ आहे, तू तोंड बंद ठेव. तीन वर्षं आम्ही तिथे पेरलं, एफी. बहात्तरच्या जानेवारीत बाबा गेले. त्या वसंतापासून मी तिथे काही घातलं नाही."

"आणि बोललास का नाहीस?" माझा आवाज चढला. "बाबा गेल्यावर? दहा वर्षांनी? वीस वर्षांनी?"

"आधी आईसाठी. मग..." तो कपाकडे बघत होता. "दर वर्षी वाटायचं, गेल्या वर्षी बोलायला हवं होतं. आता कसं बोलू?"

"आणि दर रविवारी तिला सूप भरवत होतास."

"हो."

मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्याबद्दल वाईटही वाटलं, त्यामुळे राग आणखीच वाढला. चव्वेचाळीस वर्षं हा माणूस त्या तुकड्याला वळसा घालत मशीन चालवत होता आणि आम्ही येताजाता हात करत होतो.

रुडीने नकाशा पसरला होता. "तेरा मुलं. सहा आत, सात बाहेर. हानुस्या पूर्वेकडून नववी."

"बाहेर," मी म्हणाले.

"ऐका माझं," वासिल घाईघाईने म्हणाला. "कुंपण मी हलवतो. उद्याच. तिला तिथेच ठेवू. सांगू की कुंपण चुकलं होतं. ते खरंच आहे. फक्त नांगराचं तिला नका सांगू. दहा दिवस राहिलेत तिचे. एफी, तुझ्या पाया पडतो."

रुडीने हात झटकले. "कागद कुठे गेला एवढंच मला शोधायचं होतं. हे तुमचं तुम्ही ठरवा."

किती सोपं झालं असतं! आजी सुखाने गेली असती. मीही कदाचित हो म्हटलं असतं. पण नकाशावर हानुस्याच्या आजूबाजूला आणखी सहा नावं होती, आणि ती सगळी आडनावं मी एकतीस वर्षं लिफाफ्यांवर वाचली होती. एक झाकलं की सात झाकावी लागणार होती, आणि या वेळी ती माझ्या हातून.

"मी नाही सांगणार तिला," मी म्हणाले. वासिलच्या जिवात जीव आला. "तू सांगणार. कोट घाल."

७

आजी जागी होती. वासिलला बघून तिचे डोळे हसले. "आज रविवार नाही. सूप आणलंस?"

तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला आणि सांगितलं. सगळं. मधे एकदाही रडला नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. मी खिडकीशी उभी होते आणि मला वाटत होतं, आपण हे फार चुकीचं केलं.

आजीने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "काय पेरलं होतंत?"

"आजी..."

"तीन वर्षं. काय होतं?"

"गहू."

"नाताळच्या आदल्या दिवशी तुझी आई मला गहू पाठवायची," आजी म्हणाली. "मध-खसखस घालून शिजवायला. गेलेल्यांसाठी पान मांडतो ना आपण, त्याच्यासाठी. दर वर्षी पाठवायची. त्या तीन वर्षांतही पाठवला असेल."

वासिलने तिचा हात धरला.

"मी तो खाल्ला," आजी म्हणाली.

तिने त्याच्या हातातून हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. आम्ही तासभर बसलो. ती वळली नाही. वासिल निघाला तेव्हा मात्र भिंतीकडे बघतच बोलली, अगदी स्पष्ट.

"खड्डा तू खणायचास. मशीन आणायचं नाही. फावड्याने. आणि बाकीच्या सहा घरी जायचं. पत्र नाही, फोन नाही. दारात उभं राहून सांगायचं. कोण कुठे गेलं ते एफीला माहीत आहे."

"जातो, आजी."

"मी गेल्यावर."

त्यानंतर आठवडाभर ती जगली. तो रविवारी सूप घेऊन आला, तिने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही आला, तेव्हाही नाही. नर्स म्हणाली, बाकी सगळ्यांशी बोलते. तिने त्याला क्षमा केली असं मला सांगायला आवडलं असतं. पण मी तिथे होते, तसं काही झालं नाही.

शुक्रवारी आम्ही तिला हानुस्याशेजारी ठेवलं. वासिलने दोन दिवस खणलं होतं, एकट्याने. रुडीने दोरी लावून जागा आखून दिली, चर्चच्या रोखाने, रस्त्याच्या नाही. कुंपण आधीच काढून टाकलेलं. मी माती टाकली तेव्हा बाजूच्या गवताकडे बघवत नव्हतं.

शनिवारी सकाळी वासिल माझ्या दारात आला. दाढी केलेली, सणाचा कोट. हातात सहा नावांचा कागद. दोन घरं हॅल्बर्नमध्ये, एक विनयार्ड गावापलीकडे, बाकीची आणखी लांब. मी त्याच्या ट्रकमध्ये बसले.

पहिलं घर ल्युबा क्रावेत्सचं. तिचा धाकटा भाऊ रांगेत दहावा होता. वासिलने बेल वाजवली. मी पायरीच्या खाली थांबले, कारण आजीने त्याला पाठवलं होतं, मला नाही.

ल्युबाने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "वासिल! अरे, इतक्या दिवसांनी? ये, आत ये. कॉफी ठेवते."

वासिलने टोपी काढली. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"नको, ल्युबा," तो म्हणाला. "आधी ऐक. मग मला आत घ्यायचं की नाही ते ठरव."